शेजारच्या सीटवरचा पाय

माझ्या जिभेला हाड नाही असं आत्या म्हणते, आणि ते खरंच आहे. गिऱ्हाईक असो नाहीतर जागेचा मालक, मी कुणाचं ऐकून घेत नाही. मनात आलं की फाडकन तोंडावर. शाळेत असताना मुख्याध्यापकांना मी त्यांचं व्याकरण चुकलं म्हणून सांगितलं होतं आणि तासभर बाहेर उभी राहिले होते. अशी मी. आणि जी एक गोष्ट बोलायलाच हवी होती ती तीन महिने गिळून बसले. कशी बसले ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

बाबा लोकांना गाडी शिकवायचे. एकतीस वर्षं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, अगदी दूधवालासुद्धा. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही दोन पॅडल बसवलेली होती, एक क्लच आणि एक ब्रेक. शिकणाऱ्याचं चुकलं तर शेजारी बसून आवरता यावं म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना ती असतातच. आता यात एक लबाडी चालते. शिकणाऱ्याने क्लच चुकीचा सोडला की शेजारचा मास्तर आपला पाय हळूच देतो, गाडी न गचकता पुढे जाते. शिकणारा खूश. घरी जाऊन सांगतो, आज मला जमलं.

बाबांना या लबाडीची भयंकर चीड होती. त्यांचा एक नियम होता. आपल्या पॅडलला पाय लावला की त्याच क्षणी मोठ्याने म्हणायचं, "माझा पाय." बस्, दोनच शब्द. त्यात ओरडणं नाही, टोमणा नाही. तुझी गाडी आत्ता बंद पडली नाही ती माझ्यामुळे, तुझ्यामुळे नाही, एवढीच माहिती.

"न सांगता पाय दिला ना," ते म्हणायचे, "तर तो माणूस खोटा भरवसा घेऊन रस्त्यावर जातो. त्यापेक्षा गाडी बंद पडलेली परवडली. बंद पडल्याने कुणी मरत नाही."

आत्या म्हणजे त्यांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. तिला एकदा हुक्की आली गाडी शिकायची. पहिल्याच दिवशी बाबा इतक्या वेळा "माझा पाय, माझा पाय" म्हणाले, की अर्ध्या तासाने आत्याने गाडी कडेला थांबवली, म्हणजे बाबांनीच थांबवली, आणि म्हणाली, "सगळं तूच करतोयस तर मला कशाला बसवलंयस? मी आपली घरी जाऊन पडते." अजून ती हे सांगते आणि स्वतःच आधी हसते.

पण याची दुसरी बाजूही होती. ज्या दिवशी एखाद्याने अख्खा तास, चढ, सिग्नल, गर्दी, सगळं स्वतःच्या पायावर काढलं, त्या दिवशी उतरताना बाबा म्हणायचे, "आज माझा पाय नव्हता." त्यानंतर ते त्याला शिकवत नसत. लायसन्स नंतर मिळायचं, पण लोकांच्या लक्षात राहायचं ते हेच वाक्य. केस पिकलेली माणसं रस्त्यात थांबवून सांगायची, उस्ताद, तुम्ही मला अमक्या वळणावर म्हणाला होतात.

मला ते कधी म्हणाले नाहीत. मी अठराची झाले तेव्हा तीन दिवस त्यांच्याकडे शिकले. तिसऱ्या दिवशी भर चौकात, सिग्नल हिरवा, मागून हॉर्नचा नुसता कल्ला, आणि चार वेळा "माझा पाय". चौथ्यांदा माझं टाळकं सटकलं. दार उघडलं, उतरले, दार आपटलं आणि तरातरा चालत घरी आले. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "अगदी बापावर गेलीस." पुढे मी दुसऱ्याच स्कूलमधून लायसन्स काढलं. तिथला मास्तर दर वळणावर "वा, वा, छान" म्हणायचा. त्याने किती पाय दिला देव जाणे. त्यानंतर मी खऱ्या चारचाकीला हात म्हणून लावला नाही. माझी स्कूटर भली आणि मी भली.

आणि गंमत बघा, मी पोट भरते ते गाड्यांवरच. माझ्याकडे तीन रेसिंग सिम्युलेटर आहेत. पूर्वीच्या लाँड्रीची तळघरातली जागा आहे, भिंतीला अजून कपड्यांच्या दांड्यांची भोकं आहेत. प्रत्येक सिम्युलेटरला एक खोल सीट, स्टिअरिंग, खाली तीन पॅडल, बाजूला गिअरचा दांडा आणि समोर पडदे. कॉलेजची पोरं येतात. एक बँकेतला कारकून जेवणाच्या सुट्टीत टाय न सोडता येतो, दोनशेच्या वेगाने तीन फेऱ्या मारतो आणि परत शिक्के मारायला जातो. मला स्वतःला यात चांगली गती आहे, उगाच नम्रता कशाला दाखवू. वळणाआधी उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबून धरायचा, त्याच पायाच्या टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायची, त्याच वेळी डाव्याने क्लच मारून गिअर खाली आणायचा. पोरांना ते महिना महिना जमत नाही, मी झोपेत करते.

बाबा एकदाच आले होते बघायला, उद्घाटनाला. क्लच दोनदा दाबला आणि उठले. "फटाकडे," म्हणाले, ते मला फटाकडीच म्हणतात, "तुझ्या गाडीला अंगच नाही ग. नुसती स्प्रिंग. खरी गाडी उचलायला लागते तेव्हा पायाला आतून सांगते. हिला काय सांगायचंय?" मी म्हटलं, "हिला बंद पडल्यावर मागून हॉर्न ऐकावे लागत नाहीत." ते हसले. पण परत आले नाहीत.

मग गेल्या वर्षी त्यांची पाठ गेली. मणक्यातली चकती सरकली आणि पायाची नस चेपली. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, पण डावं पाऊल मेल्यासारखं झालं. वर उचलेना. टाचणी टोचली तरी पत्ता नाही. चप्पल घातली तर निघून मागे राहायची आणि हे चार पावलं पुढे. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. "नस कधी कधी आपली आपण जागी होते. तीन महिने बघू. नाही झाली तर पुन्हा उघडू. पण तीन महिन्यांनी मला दाखवायला यायचंच, कारण फार उशिरा उघडून उपयोग नसतो." तारीख लिहून दिली. तो कागद आत्याने फ्रिजवर लावला.

बाबांचा जीव त्या एकाच गोष्टीत अडकला होता, परत शिकवायला मिळेल का. क्लच समजत नसेल तर शेजारी बसणार तरी कसे? आणि परत शिकवायचं तर आधी लायसन्सच्या इन्स्पेक्टरसमोर स्वतः गाडी चालवून दाखवायची होती, चढावरसुद्धा. तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनीच बजावलेलं.

म्हणून ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी एके दिवशी सकाळी नऊ वाजता ते काठी टेकत माझ्या तळघराच्या पायऱ्या उतरले. मी पहिल्या सिम्युलेटरचं स्टिअरिंग पुसत होते.

"तुझं खेळणं जरा दे," म्हणाले. "पायाला सवय हवी."

मी काय बोलणार होते? टोमणा जिभेवर आला होता, पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघून गिळला. सीट मागे सरकवून त्यांना बसवलं, डावं पाऊल हाताने उचलून क्लचवर ठेवलं. जड होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते, क्लच किती दाबला गेलाय ते दाखवणारी. म्हटलं, "पायाला कळत नाही तर डोळ्यांनी बघा. ही पट्टी म्हणजे तुमचा पाय."

सहा दिवस ते रोज दोन तास यायचे. आणि सहा दिवस गाडी रेषेवरून हलली नाही. पाऊल घसरायचं किंवा एकदम सुटायचं, पडद्यावरची गाडी गचका खाऊन बंद. "परत," ते म्हणायचे. परत बंद. "परत." ज्या माणसाने अर्ध्या शहराला चढावर गाडी उचलायला शिकवली, तो सपाट रस्त्यावर, खोट्या गाडीत, जागचा हलत नव्हता. सहाव्या दिवशी त्यांनी "परत" म्हटलं नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बसून राहिले. अकरा वाजले, पोरं यायला लागली, तरी उठेनात. शेवटी मी खांद्याला हात लावला तर म्हणाले, "हो हो, चाललो. तुझा धंदा आहे."

मला ते बघवलं नाही. दुसरं काही कारण नाही.

सातव्या दिवशी ते यायच्या आधी मी सेटिंगमध्ये गेले. तिथे एक चौकोन असतो, ऑटो क्लच. नवशिक्यांसाठी. त्यावर खूण केली की क्लच कॉम्प्युटर सांभाळतो, तुम्ही पाय कसाही सोडा, गाडी बंद पडत नाही. हिरवी पट्टीसुद्धा मग कॉम्प्युटरचीच दिसते, तुमच्या पायाची नाही. मी खूण केली. एका बोटाचं काम.

बाबा बसले. पहिला गिअर टाकला, पट्टीकडे बघत पाय सोडला. पट्टी छान संथ उतरली आणि गाडी निघाली.

"उचलली!" ते ओरडले. "अग उचलली! बघितलंस? बघितलंस का?" त्यांनी माझं मनगट असं करकचून धरलं की बांगडी रुतली. डोळ्यांतून पाणी. मी आयुष्यात त्यांना असं बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

ठरवलं होतं, घरी गेल्यावर सांगायचं. घरी पोचले तर आत्याचं शेजारपाजाऱ्यांना आधीच सांगून झालं होतं, याचा पाय जागा झाला. बाबा पाच घास जास्त जेवले. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. उद्या सांगू. उद्याचंही तेच. खोटं सांगायला आपल्याला वाटतं तेवढी अक्कल लागत नाही हो, नुसतं गप्प बसावं लागतं.

ते रोज येत राहिले. फेऱ्या मारायला लागले. दुसरा, तिसरा, चौथा गिअर. बँकेचा कारकून उभा राहून बघायचा आणि टाळ्या वाजवायचा. एकदा मी त्या चौकोनावरची खूण मुद्दाम काढून पाहिली. वाटलं, कोण जाणे, सरावाने खरंच जागा झाला असेल पाय. गाडी गचका खाऊन बंद पडली. "आज जरा आखडलाय," बाबा म्हणाले. तोंडावरचं हसू मात्र गेलं. मी दुसऱ्या दिवशी खूण परत केली. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःसाठी ठेवलेली नाही.

आणि मग तो फोन. फ्रिजवरच्या कागदावरची तारीख दोन दिवसांवर आली होती. बाबा माझ्याच तळघरातून, सिम्युलेटरच्या सीटवर बसून, दवाखान्यात बोलत होते. "नाही नाही, येत नाही. डॉक्टरीणबाईंना सांगा, पाय जागा झालाय. गाडी चालवतो मी रोज. कशाला उगाच त्यांचा वेळ? ... हो, रद्दच करा."

मी चार हातांच्या अंतरावर उभी होते. हातात फडकं होतं. तोंड उघडलंसुद्धा. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, शाळा बुडवलेल्या पोरासारखे. मी वळले आणि पुसलेलं स्टिअरिंग पुन्हा पुसलं.

स्वतःला काय काय सांगितलं त्या दिवशी! की ऑपरेशन पुन्हा करून तरी पाय आला असता याची खात्री कुठे होती. की एवढा आनंदात असलेला माणूस सुरीखाली कशाला घालायचा. की घरी चालताना पाऊल अजून फरफटतंय, ते त्यांचं त्यांना दिसेलच. दिसत होतंही. पण ते म्हणायचे, "चालण्याचे स्नायू वेगळे, क्लचचे वेगळे," आणि आत्या मान डोलवायची. उस्तादांपुढे कोण बोलणार?

दोन महिन्यांनी चाचणीचा दिवस आला. टेस्टच्या मैदानात, कडेला साखळी लावलेली असते, तिच्या बाहेर मी आणि आत्या उभ्या होतो. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी त्यांचीच, दोन्हीकडे पॅडल असलेली. इन्स्पेक्टर शेजारच्या सीटवर बसला. पन्नाशीचा, गंभीर माणूस. तो बाबांचाच विद्यार्थी होता. बसायच्या आधी त्याने त्यांना वाकून नमस्कार केला. मला वाटलं, चला, हा सांभाळून घेईल. बघा, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात हेच.

सपाटीवर दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा गचके खात कशीबशी निघाली. मैदानाच्या टोकाला सिमेंटचा चढ आहे. तिथे अर्ध्यावर थांबायचं आणि पुन्हा उचलायची. बाबा थांबले. इंजिन गुरगुरलं, गाडी थरथरली आणि बंद. पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा चालू राहिली, पण मागे घसरायला लागली. आम्ही उभ्या होतो तिकडेच येत होती. आत्याने माझा दंड धरला. मला वाटतं आमच्यापासून दहा पावलांवर गाडी गप्पकन थांबली, सावरली, आणि अगदी गुळगुळीत, एकही गचका न देता, चढ चढून गेली.

काचा उघड्या होत्या. इन्स्पेक्टरचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "उस्ताद," तो म्हणाला, "माझा पाय."

मघाशी वाकून नमस्कार करणारा तोच. पण तो बोलला. निकालाचा कागद हातात असलेला परका माणूस, त्याला बोलता आलं.

निकाल काय लागला ते सांगायला नकोच. इन्स्पेक्टर स्वतः बाबांना धरून बाकापर्यंत घेऊन आला, आत्याला "पाणी द्या" म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. आत्या पाणी आणायला गेली. बाबा बाकावर बसून आपल्या पायाकडे नाही, हातांकडे बघत होते.

"मला एक कळत नाही," ते हळूच म्हणाले. "तुझ्याकडे जमतं. रोज जमतं. मग इथे का नाही? म्हणजे पाय बरा आहे ना? बरा नसता तर तुझ्याकडे तरी कसं जमलं असतं?"

मी त्यांची काठी बाकाला टेकवून ठेवली.

"फटाकडे, माझं डोकं जायला लागलंय बहुतेक," ते म्हणाले. "माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं. हाताला येणारी कामं एकेक करून विसरले. शेवटी स्वतःच्या घराचं दार कुठल्या बाजूला ते विचारायचे. मी त्यांना हात धरून दाखवायचो. आता तू मला दाखवशील." आणि ते रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. त्या कडक इस्त्रीच्या शर्टात.

पाय गेलेला चालला असता त्यांना. डोकं गेल्याची भीती नव्हती सोसत. आणि ती भीती मी घातली होती त्यांच्या पोटात, दुसऱ्या कुणी नाही.

"बाबा," मी म्हटलं, "माझा पाय होता."

त्यांना कळलं नाही. "काय?"

"माझ्या सिम्युलेटरवर. माझा पाय होता. एक सेटिंग असतं, क्लच आपोआप चालतो. मी ते लावलं होतं. तुम्ही नव्हता उचलत. तुमचं डोकं ठणठणीत आहे, बाबा. मी लबाडी केली."

मैदानात दुसरी कुणाची तरी गाडी आठचा आकडा काढत होती. ती अख्खा आकडा काढून परत येईपर्यंत बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "कधीपासून?"

"सातव्या दिवसापासून."

"म्हणजे मी दवाखान्यात फोन केला त्याच्या आधीपासून."

"हो."

"तेव्हा तू तिथेच होतीस."

"हो, बाबा."

मी वाट बघत होते की आता ते ओरडतील, काठी आपटतील, भर मैदानात माझी अब्रू काढतील. काढायला हवी होती. त्यांनी फक्त खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "डोकं ठीक आहे म्हणजे." आत्या पाणी घेऊन आली, ते घटाघटा प्यायले.

डॉक्टरीणबाईंकडे मी घेऊन गेले, दुसऱ्याच दिवशी. त्यांनी टाचणी लावून बघितली, जुने कागद काढले, तारखा बघितल्या. मग विचारलं, "पाय जागा झाला असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बाबा म्हणाले, "माझाच गैरसमज झाला." मी बोलायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तेव्हा आला असतात तर उघडून बघितलं असतं. आला असताच पाय असं नाही, पण आता नक्कीच नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि इतकी रडले की एक नर्स माझं कोण गेलं ते विचारायला आली.

त्यानंतर घरात बोलणं बंद होतं असं नाही. चहा हवा का, पंखा लाव, एवढं चालायचं. पण फटाकडी म्हणायचे थांबले. नावाने हाक मारायचे. मला इतकं कधी लागलं नव्हतं काही. मी तळघरातल्या तिन्ही सिम्युलेटरवरचा तो चौकोन कायमचा बंद करून टाकला, त्याने काय होणार होतं कुणास ठाऊक. नवीन पोरं कंटाळून गेली, जाऊ देत.

महिन्याभराने बाबा म्हणाले, "गॅरेजला जायचंय. पॅडल काढून घेऊ. शिकवायचं नाही तर ती कशाला? आत्याला दवाखान्यात न्यायला, बाजाराला, घरची म्हणून राहील गाडी." गॅरेजवाल्याने येऊन गाडी नेली, आम्ही दोघं रिक्षाने मागून गेलो. शेजारच्या सीटखाली आडवं पडून त्याने बोल्ट काढले. एकतीस वर्षांचा गंज, निघता निघेना. जोडी निघाली तेव्हा क्लचच्या पॅडलचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं, आतलं लोखंड चमकत होतं. ब्रेकचं मात्र निम्म्याहून जास्त शाबूत. बाबांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळायला सांगितली आणि मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं.

गॅरेजवाला माझ्याकडे बघत राहिला. मी बाबांकडे.

"लायसन्स आहे ना तुझ्याकडे?" ते समोर बघत म्हणाले. "चालव मग. की इथेच राहायचंय?"

मी बसले. सोळा वर्षं झाली होती. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. क्लच दाबला आणि एकदम कळलं ते काय म्हणायचे ते. जिवंत होता तो. पायाखाली काहीतरी धडधडत होतं. गॅरेजच्या दारातच दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. बाजाराचा रस्ता, शाळेचं वळण, सगळं पहिल्या-दुसऱ्यात काढलं. मग आला तो चौक, चढावरचा, जिथून मी अठराव्या वर्षी दार आपटून चालत गेले होते. सिग्नल लाल. मागे ट्रक.

हिरवा झाला. मी पाय सोडला आणि गाडी बंद. मागे घसरली. ट्रकने जोरात हॉर्न मारला. हँडब्रेक ओढला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, बाबांची डावी मांडी हलली. सवयीने. जमिनीवरच्या रबरी चटईवर त्यांचं मेलेलं पाऊल जाऊन टेकलं, जिथे आता नुसती चार भोकं होती. त्यांनी खाली बघितलं. मग वर्तमानपत्राची गुंडाळी दोन्ही हातांनी धरून बसून राहिले.

मी पुन्हा चालू केली. क्लच दाबला. सोडत आणला, सोडत आणला, आणि पायाला आतून कळलं, आता. तिथेच धरला. हँडब्रेक खाली. गाडी एक इंचही मागे न जाता चढायला लागली, चौक ओलांडला, पलीकडच्या सपाटीला लागली.

घर आलं. फाटकापाशी मी गाडी लावली, इंजिन बंद केलं. आत्या दारात उभी होती. बाबांनी काठी शोधली, दार उघडलं आणि थांबले. डावा पाय आधी हाताने उचलून बाहेर ठेवायचा होता, तो आतच होता.

"आज माझा पाय नव्हता," ते म्हणाले.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ते म्हणाले, "चल ग फटाकडे, जरा हात दे. हा उचलत नाही."

मी उतरले, पलीकडून गेले, वाकले आणि त्यांचं पाऊल दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवलं.